बांगडा हातात, नाव कानात

मत्स्यविज्ञानाच्या पदवीला येणाऱ्या मुलांत दोन तऱ्हा असतात. काहींनी मासा फक्त ताटात पाहिलेला असतो. काही आमच्यासारखी, माशांतच वाढलेली, पण त्याच माशाचं पुस्तकातलं नाव समोर आलं की घाम फुटणारी. मी पूर्णगडची. वडील होडीवर जायचे, आई पावसच्या बाजारात मासे घेऊन बसायची. २००६ साली शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात प्रवेश मिळाला तेव्हा वाडीत सगळ्यांचं म्हणणं एकच, "हिला काय अवघड जाणार? हिच्या घरातच कॉलेज."

बांगडा मला काळोखात चाचपूनही ओळखता येतो. पेपरात मात्र त्याला 'रास्ट्रेलिजर कानागुर्ता' म्हणायचं आणि कूळ 'स्कॉम्ब्रिडी' लिहायचं. तारली म्हणजे 'सार्डिनेला लॉन्जिसेप्स', बोंबील 'हार्पाडॉन नेहेरियस', मांदेली 'कॉइलिया डुसुमिएरी', रावस 'एल्युथेरोनेमा टेट्राडॅक्टायलम'. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या मुलीने रावसाला टेट्राडॅक्टायलम म्हणायचं! वर प्रॅक्टिकलला स्पॉटिंग. टेबलावर ओळीने ट्रे आणि बरण्या मांडलेल्या, प्रत्येकीवर नंबर. घंटा वाजली की पुढच्या नंबरापुढे सरकायचं, तेवढ्या वेळात नाव, कूळ आणि दोन ओळखखुणा कागदावर उतरवायच्या. विचार करत उभं राहायची सोयच नाही. नाव जिभेवर तयार पाहिजे.

जिभेवर कसं आणायचं, हा प्रश्न. होस्टेलवर संध्याकाळी लोडशेडिंग. ते दिवसच तसे होते, गावोगाव तासन्‌तास वीज जायची. मेणबत्तीच्या उजेडात बारीक छपाईचं पुस्तक वाचून डोकं चढायचं. शनिवारी घरी जायला शिरगावहून रत्नागिरी स्टँड, तिथून पूर्णगडची एसटी. भाट्याचा पूल, गोळप, पावस करत गाडी रमतगमत जाणार. बसमध्ये वाचायला घेतलं की वळणावळणाच्या रस्त्यावर मळमळ ठरलेली. घरी गेल्यावर मासे साफ करा, पाणी भरा, म्हणजे हात गुंतलेले. दिवसाचा बराचसा वेळ असा, की त्यात डोळे किंवा हात पुस्तकाला देता येत नाहीत. कान मात्र मोकळेच.

त्या वर्षी गणपतीला मामेभाऊ मुंबईहून आला तो मनीष मार्केटातून घेतलेला एमपीथ्री प्लेअर घेऊन. बोटाएवढा, १ जीबीचा, एका बारीक सेलवर चालणारा, कुठल्या कंपनीचा ते कुणालाच सांगता येणार नाही असा. आत गाणी भरलेली होती. चाकरमान्यांच्या वस्तू परतताना गावात राहतात, तसा तो माझ्याकडे राहिला. त्याला चार बटणं होती, पण माझ्या दृष्टीने महत्त्वाच्या सोयी दोनच. एक, टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून रेकॉर्डिंग व्हायचं. दुसरी म्हणजे 'ए-बी रिपीट': फाइलमधला हवा तेवढा तुकडा दोन बटणांच्या टोकांत पकडायचा आणि थांबवेपर्यंत तो वाजत राहायचा. गाण्यासाठी ही सोय कोण कशाला वापरत असेल देव जाणे. पाठांतरासाठी सोन्यासारखी.

सगळ्यांना आधी सुचतं तेच मलाही सुचलं, तास रेकॉर्ड करायचे. सरांची परवानगी घेतली. त्यांनीच सांगितलं की अमेरिकेत ड्यूक नावाच्या विद्यापीठाने २००४ साली पहिल्या वर्षाच्या सोळाशेहून अधिक मुलांना २० जीबीचे आयपॉड फुकट वाटले होते, आणि मुलांनी अभ्यासात त्यांचा जास्त वापर केला तो रेकॉर्डिंगसाठी. पुढच्या वर्षीपासून विद्यापीठाने सरसकट वाटप थांबवून ज्या विषयांत उपयोग आहे तिथेच ते द्यायला सुरुवात केली. सरांनी एवढं सांगून हसून विचारलं, "आता तुझा तू आणलायस, तर दाखव काय करतेस ते."

तासाच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकू आला तो पंखा. नंतर बाकं सरकल्याचे आवाज, मागच्या मुलांची कुजबुज, आणि या सगळ्यापलीकडे कुठेतरी सर. पुढच्या बाकावर बसून, प्लेअर वहीवर उभा ठेवून आवाज सुधारला, पण मूळ अडचण हटेना. एका तासाचा तास ऐकायला एक तासच लागतो. पुस्तकाचं पान चाळता येतं, आवाज चाळता येत नाही. सर हजेरी घेतात तेही ऐका, खडू मोडला तेही ऐका. शिवाय ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं आणि प्लेअर बंद केला की हाताला काहीच लागत नाही. होस्टेलच्या आणखी दोघींनी हाच उद्योग चालवला होता. परीक्षेच्या आधी त्यांच्याकडे ढीगभर तास साठले होते आणि त्यातला एकही कुणी पुन्हा ऐकला नव्हता.

म्हणून मी तास सोडले आणि स्वतःच्या आवाजात प्रश्न भरायला लागले. प्रश्न, मग शांतता, मग उत्तर. "मांदेली." गप्प. "कॉइलिया डुसुमिएरी, कूळ एन्ग्रॉलिडी." पुढचा. "मुडदुसा." गप्प. "सिल्लागो सिहामा." मधली जी गप्प बसायची जागा आहे, सगळा अभ्यास तिथे होतो. तेवढ्यात उत्तर ओठांवर आलं पाहिजे. नाही आलं तर लगेच कानावर पडतं आणि चुटपुट लागते. त्या चुटपुटीमुळे पुढच्या वेळी आठवतं. उत्तर लगेच आलं असतं तर ते नुसतं कानावरून गेलं असतं.

बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं की रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ सालीच याच विषयावर प्रयोग छापले होते. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे. शिरगावच्या होस्टेलवर हे कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण मुडदुशाने मला तेच शिकवलं.

शांतता भरणं ऐकायला सोपं, करायला वेळखाऊ. सुरुवातीला प्रश्न विचारून मनात आकडे मोजायचे आणि मग उत्तर बोलायचे. त्यात मागे कोंबडा आरवायचा, नाहीतर कुणी हाक मारायचं. मग मारुती मंदिरजवळच्या एका सायबर कॅफेत ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिळालं. त्यात आवाजाची रेघ पडद्यावर दिसते. हव्या त्या जागी खूण ठेवून 'सायलेन्स' घाला म्हटलं की हवे तेवढे सेकंद शांतता बसते. मी सात ठेवले. पुढे पाठ झालेल्या नावांसाठी ते चारवर आणले. नुसत्या पंख्याचा तुकडा निवडून 'हा आवाज काढून टाक' असंही त्याला सांगता यायचं. फार काढला तर माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा व्हायचा, तेव्हा थोडा पंखा राहू द्यायचा. एमपीथ्री करण्यासाठी लेम नावाची वेगळी फाइल उतरवून जोडावी लागे, कारण एमपीथ्रीवर तेव्हा पेटंट होतं आणि ते फुकट सॉफ्टवेअरला सोबत देता येत नव्हतं. कॅफेवाल्या दादांना हे समजावण्यात एक संध्याकाळ गेली. त्यांना वाटत होतं मी गाणी कापतेय.

फाइल किती जागा घेते हे मला त्याच कॅफेत कळलं. गाणी साधारण १२८ केबीपीएसला असतात, म्हणजे मिनिटाला १ एमबीच्या आसपास. बोलण्याला एवढं लागत नाही. एकाच चॅनेलवर ३२ केबीपीएस ठेवलं तर तासाला जेमतेम १४-१५ एमबी होतात आणि शब्द स्वच्छ कळतात. म्हणजे १ जीबीत सत्तर तासांच्या आसपास बोलणं मावतं. मी गाणी सगळी उडवली नाहीत. भावाने भरलेली दहा-बारा ठेवली; प्रत्येक वीसेक माशांनंतर एक गाणं. अभ्यास नकोसा झाला की पुढच्या गाण्याच्या आशेवर आणखी पाच मासे निघायचे.

एका गोष्टीने मात्र डोकं फिरवलं. फाइलींना ०१, ०२, ०३ अशी नावं देऊनही प्लेअर भलत्याच क्रमाने वाजवायचा. तो नावं बघतच नव्हता. ज्या क्रमाने फाइली कॉपी होऊन आत उतरल्या त्या क्रमाने वाजवायचा. उपाय एकच, सगळं पुसून एकेक फाइल क्रमाने टाकायची. आणि कॅफेतल्या कंप्युटरला प्लेअर लावला की घरी जाताना सोबत व्हायरस यायचा, फोल्डरचं चित्र असलेली पण फोल्डर नसलेली एक फाइल. प्लेअरला त्याने काही होत नसे, पण तोच प्लेअर कॉलेजच्या कंप्युटरला लावू देत नसत, आणि बरोबरच होतं ते.

आता आईची गोष्ट.

स्पॉटिंगमध्ये नुसतं नाव येऊन भागत नाही, समोर कोण आहे ते आधी कळावं लागतं. ताजा मासा मी ओळखेन, पण बरणीतला मासा फॉर्मॅलिनमध्ये राहून राहून फिकट पडलेला असतो. बांगड्याची निळी-हिरवी पाठ गेली, पापलेटची चांदी गेली, राणी माशाचा गुलाबी रंग गेला. सगळे एकाच मळकट पिवळट रंगाचे. आमच्याकडचे मासे ओळखायचे बरेचसे ठोकताळे रंगावर चालतात, ते इथे निरुपयोगी. पुस्तकात ओळखखुणा होत्या, पण त्या इंग्रजी वाक्यांतून माझ्या डोळ्यांपुढे मासा उभा राहत नव्हता.

एका रविवारी वीज गेलेली, आई पडवीत बसून सोडे निवडत होती. मी प्लेअर पुढे धरला.

"आये, बांगडा कसा ओळखायचा सांग."

"डोळ्यांनी."

"तसं नव्हे गो. रंग न सांगता सांग. ज्याला दिसत नाही त्याला सांगायचंय."

ती हात थांबवून क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग तिने रिकामा हात असा पुढे धरला की त्यात खरंच बांगडा आहे. "अंगाने भरलेला. शेपटीकडे बोट ने, वर नि खाली बारीक बारीक पर लागतील, पाच-पाच. तोंड उघड नि आत बघ, कल्ल्यांत पिसं असतात. तारलीत नि ह्यात कुणी फसत असेल तर त्याला बाजारात पाठवू नको."

पर म्हणजे माशाचे पंख, आणि हे पाच-पाच बारीक पर म्हणजे पुस्तकातल्या फिनलेट. पिसं म्हणजे लांब गिल रेकर. बाईने पुस्तकाचं पान न उघडता त्यातल्या दोन ओळखखुणा सांगून टाकल्या होत्या.

मग तो सिलसिलाच झाला. सुरमईबद्दल म्हणाली, "बाजूची रेघ बघ. मोठ्या सुरमईची रेघ सरळ जाते नि शेपटीच्या अलीकडे एकदम खाली घसरते." स्कॉम्बेरोमोरस कॉमर्सन याची लॅटरल लाइन, म्हणजे ही बाजूची रेघ, पाठीवरच्या दुसऱ्या पराच्या शेवटाखाली अचानक वाकते, असं पुस्तकात आहे, ठिपक्यांच्या सुरमईत, म्हणजे गुट्टाटसमध्ये, ती तशी घसरत नाही. हलव्याचं तर तिने फार मस्त सांगितलं. सगळे हलव्याला काळं पापलेट म्हणतात, आई म्हणाली, "शेपटीच्या देठाला हात लाव. हलव्याचं खरखरतं, पापलेटचं खरखरत नाही. तो त्या घरातला नव्हेच." नव्हेच तो. पापलेट, पॅम्पस आर्जेन्टियस, स्ट्रोमॅटिडी कुळातला. हलवा, पॅरास्ट्रोमॅटियस नायगर, कॅरँजिडी कुळातला, आणि ती खरखर म्हणजे त्या कुळातल्या बऱ्याच माशांच्या शेपटीजवळ असतात ते कडक खवले, स्क्यूट. बोंबलाला म्हणाली, "लिबलिबीत, नि शेपटीला तीन फाटे." बरोबर, दोन नव्हे तीन.

काही बाबतीत आमचं जुळत नव्हतं. मुशी आणि वागळी म्हणजे शार्क आणि रे यांना ती एका टोपलीत टाकायची, "काटा नसतो त्या दोघांना" म्हणून. खरं तर शास्त्रही त्यांना एकाच वर्गात टाकतं, कूर्चेचा सांगाडा असलेल्यांत. पण कोळंबी आणि शेवंड हे मासे नाहीत हे तिला मी आजतागायत पटवू शकलेले नाही.

या तुकड्यांचे मी प्रश्न केले. आईच्या आवाजात वर्णन, सात सेकंद शांतता, मग माझ्या आवाजात नाव, कूळ आणि खूण. प्लेअरच्या मायक्रोफोनला आईचा आवाज जास्त मानवायचा; बाजारात बसून बसून तो खणखणीत झालेला. मागे सोडे पडल्याचा चटचट आवाज यायचा, तो मी काढला नाही.

एसटीत एकदा शेजारी पावसच्या मठात निघालेल्या आजी होत्या. मी डोळे मिटून ओठ हलवत बसलेली बघून त्यांनी विचारलं, "कुठला जप गो?" मी एक इअरफोन त्यांच्या कानात दिला. थोडा वेळ ऐकून त्यांनी तो काढून परत दिला आणि शेजारणीला सांगितलं, "माशांचं स्तोत्र आहे."

कानाने काय येत नाही, तेही लवकर कळलं. पहिलं म्हणजे स्पेलिंग. नाव तोंडपाठ, पण कागदावर लिहायचं तर इंग्रजीत, छापतात तसं तिरपं, इटालिक, हाताने येत नाही म्हणून खाली रेघ मारून. सायनोग्लॉसस म्हणजे लेपा. 'सी' पुढे 'वाय' की 'आय'? कायरोसेंट्रस म्हणजे करली; ऐकताना 'के' वाटतो, लिहिताना 'सीएच'. आणि टेरॉइस, लायनफिश, ऐकताना 'टी'ने सुरू होतो, लिहिताना आधी 'पी'. वर्गात एकाने हा मासा 'टी'खाली शोधण्यात बराच वेळ घालवला होता. यावर आम्ही प्राथमिक शाळेतला उपाय काढला, श्रुतलेखन. खोलीत एक जण प्लेअर लावणार, बाकीच्या कागद घेऊन बसणार. नाव ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं, मग पुस्तकाशी ताडून बघायचं. होस्टेलच्या मुलींपैकी एक अकोल्याची होती. बारावीपर्यंत तिने समुद्र बघितला नव्हता, पण स्पेलिंगमध्ये ती आम्हा किनाऱ्यावरच्यांना धोबीपछाड द्यायची.

दुसरं, आकडे. परांचं सूत्र, म्हणजे कुठल्या परात किती काटे नि किती किरण, हे कानाने ऐकलं की सगळ्या माशांचे आकडे एकमेकांत मिसळतात. ते लिहून, तक्ता करूनच जमलं. आणि आकृत्या. अन्नजाळं किंवा माशाच्या हृदयाची रचना आवाजात भरायचा प्रयत्न एका मैत्रिणीने केला. ऐकणाऱ्याला वाटावं की कुणी पत्ता सांगतंय आणि गाव चुकलंय.

याउलट कृती आवाजात फार छान बसतात. पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलरची पद्धत आहे, १८८८ सालची. बाटली बुडबुडा न राहता काठोकाठ भरा, मँगनस सल्फेट, त्यामागून अल्कलाइन आयोडाइड, झाकण लावून उलटसुलट करा, तपकिरी साका बसू द्या, मग सल्फ्युरिक आम्ल, साका विरघळून पिवळं, मग थायोसल्फेट. पिवळा फिकट झाला की स्टार्च, निळं, आणि निळं जाईपर्यंत थेंब थेंब. हा क्रम चुकला की सगळं फुकट. मी तो भरताना प्रत्येक पायरीनंतर "मग?" एवढंच विचारून गप्प बसले. आंघोळीच्या रांगेत, मेसच्या रांगेत, कुठेही त्या "मग?"ला उत्तर देता यायचं. इतिहासासारखे प्रश्नही छान बसायचे. प्रेरित प्रजनन, पीयूषग्रंथीचा अर्क टोचून माशाला अंडी घालायला लावणं, भारतातल्या मोठ्या कार्प माशांत कुणी साधलं? डॉ. हिरालाल चौधुरी. कधी? १० जुलै १९५७. म्हणून १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन.

किती वेळाने पुन्हा ऐकायचं, याचाही एक हिशोब हळूहळू बसला. मी तीन फोल्डर केले: रोजचं, शनिवारचं, आणि महिन्याचं. बसमध्ये एखादं नाव सहज आलं की ते पुढच्या फोल्डरमध्ये, अडलं की परत रोजच्यात. पॉल पिम्सलर या भाषाशिक्षकाने १९६७ साली असाच हिशोब मांडलेला आहे: नवा शब्द आधी पाच सेकंदांनी विचारायचा, मग पंचवीस, मग दोन मिनिटं, दहा मिनिटं, तास, पाच तास, दिवस, असं अंतर वाढवत. त्याच्या भाषेच्या ध्वनिफिती त्यावरच बेतलेल्या. माझ्या फोल्डरांना एवढी शिस्त नव्हती. फाइली पुढे-मागे करायला कॅफेत जावं लागायचं, आणि तिथे तासाचे पैसे मोजताना कुठलीही शिस्त सैल पडते.

यंत्राची निगा हा कोकणात वेगळाच विषय. खाऱ्या, दमट हवेत इअरफोनच्या पिनेवर काळपट थर चढतो आणि एका कानाचा आवाज जातो. खोडरबराने पिन घासली की परत येतो. सेलच्या कप्प्यातली स्प्रिंग पावसाळ्यात गंजते. सेल काढून ठेवायचा आणि प्लेअर तांदळाच्या डब्यात. घरी आई डबा उघडून ओरडायची, "भातात वाजवायचंय काय आता?" इअरफोन वर्षाला दोन तरी लागायचे. आवाजही बेताने ठेवायला लागतो, कारण एसटीच्या इंजिनावर मात करायची म्हणून वाढवत गेलं की कान दुखतात. मी बसमध्ये पुढच्या इंजिनाकडच्या जागा सोडून मधल्या घ्यायला लागले.

स्पॉटिंगच्या दिवशी प्लेअर बाहेर पिशवीत. ट्रेपुढे उभी राहिले, मासा फिकट, चपटा, डोकं लहान. देठाला बोट लावलं. बोट लावायची परवानगी होती. खरखरलं. "तो त्या घरातला नव्हेच." नायगर, कॅरँजिडी. घंटा. पुढच्या बरणीत अंगाला पट्टे की ठिपके ते कळत नव्हतं, पण रेघ घसरलेली दिसत होती. एक शिंपला मात्र साफ गेला. शिंपल्यांची फाइल मी केलीच नव्हती. तिसऱ्या नि कालवं उकडून खाण्यापलीकडे आमच्या घरात कुणी त्यांचा अभ्यास केलेला नव्हता.

पास होऊन निघताना मी सगळ्या फाइली एका सीडीवर उतरवून होस्टेलवर ठेवल्या. पुढच्या वर्षीच्या मुली खूश झाल्या, सगळ्यांनी आपापल्या मोबाइलमध्ये भरून घेतल्या; तोवर मेमरी कार्डाचे फोन आले होते. काही महिन्यांनी चौकशी केली तर बहुतेकींनी ऐकल्याच नव्हत्या. एकीने प्रामाणिकपणे सांगितलं, "ताई, तुमच्या आईचं बोलणं ऐकायला मजा येते, पण मासा माझ्या डोळ्यांपुढे येत नाही." ती लातूरची. तिने काय केलं, तर मीरकरवाडा बंदरात जाऊन स्वतः मासे हातात घेतले, आणि स्वतःच्या शब्दांत खुणा भरल्या. हलव्याची खरखर तिने 'कानशीसारखी' म्हणून नोंदवली होती. तिच्या वडिलांचं वेल्डिंगचं दुकान होतं. तिला तिच्याच फाइलींचा उपयोग झाला. भरायला बसताना जे वाचावं, निवडावं, तोंडाने नीट म्हणावं लागतं, त्यात अर्धं पाठ होऊन जातं. ते दुसऱ्याच्या सीडीतून मिळत नाही.

मोबाइलबद्दल माझं मत अजून जुनंच आहे. त्यात हे सगळं होतं, जास्त चांगलं होतं, वेग पाहिजे तेवढा कमी-जास्त करता येतो. पण माझ्या चार बटणांच्या प्लेअरवर कुणाचा फोन येत नव्हता. भाचीला हल्ली मी फोन विमानाच्या खुणेवर टाकून ऐकायला सांगते. ती 'हो मावशी' म्हणते.

तिला जुन्या फाइली द्याव्या म्हणून परवा तपासत होते, तर काही नावं बदलून गेलीत. कटल्याला मी पाठ करून 'कटला कटला' म्हटलंय; आता त्याला 'लेबियो कटला' म्हणतात, म्हणजे नावाचा पहिला शब्द आता रोहूचाच. भाचीला म्हटलं, ही एक फाइल तू पुन्हा भर. आईचा तुकडा तसाच राहू दे, त्यात काही बदललेलं नाही.